नाशिकमधील एका जॅझ वर्गाविषयी, सहा महिन्यांच्या अनुभवानंतर

गंगापूर रोडला लागून असलेल्या एका शांत गल्लीत, एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर, जॅझमधील उत्स्फूर्त वादन शिकवणारा एक छोटा वर्ग चालतो. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही, आणि शिकवणाऱ्या सरांना ती नकोही आहे. विद्यार्थी ओळखीतून येतात आणि एकूण आठांपेक्षा अधिक विद्यार्थी ते घेत नाहीत. त्यांच्या इच्छेला मान देऊन मी येथे वर्गाचे वा सरांचे नाव लिहीत नाही. मात्र सहा महिन्यांतील २४ तासिकांपैकी २२ मी पूर्ण केल्या आहेत आणि फी पदरची भरली आहे. शिवाय गेल्या काही आठवड्यांत ओळखीच्या तीन-चार वादकांनी ‘जावे का?’ असे विचारले. त्यांना दर वेळी तोंडी उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, असे वाटले.

माझी पार्श्वभूमी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण या वर्गाचे गुणदोष विद्यार्थी कोठून आला आहे यावर बरेच अवलंबून आहेत. मी हार्मोनियमवर मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या, भजनी मंडळांना आणि अधूनमधून नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना साथ केली, आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात वाजवत राहिलो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात जेथे वास्तव्य केले आणि १९२१ मध्ये जेथे दत्तात्रेय पलुस्करांचा जन्म झाला, त्या शहरात पेटी शिकवणारा गुरू शोधावा लागत नाही. जॅझचे तसे नाही. मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकन वादक वाजवत होते, त्यांच्या जोडीने आणि त्यांच्यानंतर गोव्याच्या वादकांची एक संपूर्ण पिढी घडली, आणि १९७८ मध्ये तेथे ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. ती सारी हवा कसारा घाट चढून आमच्याकडे फारशी आली नाही. आमचे सर मूळचे वसईचे, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून पियानो वाजवलेले आणि निवृत्तीनंतर नाशिकला स्थायिक झालेले आहेत. मराठी उत्तम बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही.

या वर्गाआधी मी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी चार महिने घालवले होते. तेथे पहिल्याच दिवशी मला एक तक्ता मिळाला: अमुक कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) आली की तमुक स्केल (क्रमाने मांडलेले सूर) वाजवायची. डी मायनर सेव्हनवर डी डोरियन, जी सेव्हनवर जी मिक्सोलिडियन, सी मेजर सेव्हनवर सी मेजर. जॅझमध्ये सर्वाधिक आढळणारी कॉर्डांची मालिका हीच आहे, तेव्हा सुरुवात बरोबर जागी झाली होती. तक्ताही चुकीचा नव्हता. परंतु या तिन्ही स्केलमध्ये मिळून पेटीवरचे तेच सात पांढरे सूर आहेत. फरक केवळ कोठून सुरुवात करायची एवढाच, म्हणजे आपल्याकडच्या मूर्च्छनेसारखा. परिणाम असा झाला की मी पांढऱ्या पट्ट्यांवरून चार महिने वरखाली फिरत राहिलो, चूक कोठेच होत नव्हती आणि ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचे कळतही नव्हते. माझ्या धाकट्या भावाने ते ऐकून ‘बिलावलचे पलटे छान बसलेत’ असे म्हटले. तो चेष्टा करत नव्हता.

गंगापूर रोडच्या वर्गात पहिल्या तासिकेला मी हेच पलटे ऐकवले. सरांनी दोन आवर्तने ऐकून घेतली आणि म्हणाले, “तुमची बोटे फार हुशार आहेत. त्यांना काही दिवस उपाशी ठेवू या.” मग त्यांनी मला प्रत्येक कॉर्डसाठी फक्त दोन सूर दिले, त्या कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजून तिसरा आणि सातवा. ही गोष्ट पेटीवाल्याच्या भाषेत मांडली तर तिची खुमारी लगेच लक्षात येते. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरला तर डी मायनर सेव्हन म्हणजे रे म ध सा, जी सेव्हन म्हणजे प नि रे म, आणि सी मेजर सेव्हन म्हणजे सा ग प नि. पहिल्या कॉर्डचे दोन सूर म आणि सा. दुसरीचे नि आणि म. तिसरीचे ग आणि नि. पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना म जागेवर राहतो आणि सा अर्ध्या सुराने खाली, नि वर उतरतो. दुसरीवरून तिसरीवर जाताना नि जागेवर राहतो आणि म अर्ध्या सुराने ग वर उतरतो. म्हणजे दर वेळी एकच सूर हलतो, तोही जवळच्या घरी. कॉर्ड बदलली हे कानाला सांगायला एवढी हालचाल पुरेशी असते.

तीन आठवडे मी या दोन-दोन सुरांपलीकडे काही वाजवले नाही. सर डाव्या बाजूला बसून कॉर्ड वाजवत, आणि मी उजव्या हाताच्या एका बोटाने सा, नि, ग, किंवा म, म, ग असे लांब सूर धरत असे. एका आवर्तनात म वरून ग वर उतरताना मी अर्धी मात्रा उशीर केला, तेव्हा त्यांनी हात थांबवला नाही, फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या अर्ध्या मात्रेत म आणि खालच्या कॉर्डमधला ग यांची जी घासाघीस झाली ती मला तक्त्याने कधीही शिकवली नसती. हीच उशिराची उतरण मुद्दाम केली तर सुंदर लागते, हे पुढे चौथ्या महिन्यात कळले. परंतु ती आधी चूक म्हणून ऐकू यावी लागते, आणि ती ऐकू यावी अशी व्यवस्था या वर्गात केलेली आहे. माझ्या दृष्टीने फीचे अर्धे पैसे येथेच वसूल झाले.

उरलेले अर्धे ‘सा’ च्या बंदीत वसूल झाले. रागसंगीतात वाढलेल्या कानाला तंबोरा इतका मुरलेला असतो की प्रत्येक वाक्य सा वर येऊन टेकावे असे हाताला आपोआप वाटते. जॅझमध्ये खालचा आधार दर एक-दोन मोजमापांनी (चार मात्रांच्या अशा एका मोजमापाला तेथे बार म्हणतात) सरकत असतो. त्यामुळे तोच सा पहिल्या कॉर्डवर सातवा सूर होतो आणि गोड लागतो, दुसऱ्या कॉर्डवर तिच्या नि शी भांडतो, आणि तिसऱ्या कॉर्डवर पोहोचेपर्यंत त्यात सांगण्यासारखे काही उरत नाही, कारण तोच सूर बास वाजवणारा खाली वाजवतच असतो. हे सरांनी मला समजावून सांगितले नाही. त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे कापून हातात दिले आणि घरच्या कीबोर्डवरच्या सहाही सी पट्ट्यांवर लावायला सांगितले. आठवडाभर त्या पट्ट्यांना हात लावायचा नव्हता. पहिले दोन दिवस माझे प्रत्येक वाक्य पायरी नसलेल्या जिन्यासारखे अधांतरी संपत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी नाइलाजाने ग वर आणि प वर थांबू लागलो, आणि मग लक्षात आले की मला थांबायच्या जागा एकाऐवजी चार-पाच आहेत आणि कॉर्ड बदलली की त्याही बदलतात. चिकटपट्टीचा डिंक अजून दोन पट्ट्यांवर आहे.

या पद्धतीत आणि आपल्या रागाच्या बढतीत, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणाऱ्या विस्तारात, जे साम्य आहे ते कोणी गायकाने वा वादकाने दुर्लक्षू नये. ठरावीक लांबीचे चक्र फिरत राहते, त्यावर दर वेळी नवे काही रचायचे असते आणि चक्राच्या तोंडाशी नेमके पोहोचायचे असते. बत्तीस बारांच्या गाण्यात १२८ मात्रा होतात, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तने. बारा बारांच्या ब्लूज या गीतप्रकारात ४८, म्हणजे एकतालाची चार. एवढे गणित जमले की बत्तीस बारांमध्ये हरवण्याची भीती कमी होते. मी सुरुवातीला दर वेळी दुसऱ्या भागात हरवत असे. सरांनी तेव्हा वाजवणे बंद करून मूळ गाण्याची चाल मनात म्हणत राहायला लावली, आणि सोलोच्या, म्हणजे एकट्याच्या उत्स्फूर्त वादनाच्या, मधोमध अचानक ‘कोठे आहात?’ असे विचारायला सुरुवात केली. उत्तर मूळ चालीतल्या जागेने द्यायचे, बारांच्या आकड्याने नाही. बंदिशीचा मुखडा धरून ठेवणाऱ्याला हे सवयीचे आहे.

आणखी एक गोष्ट पेटीवाल्यांच्या पथ्यावर पडते. गायकाची पट्टी काळी एक असो की काळी चार, साथीला बसायचे म्हटले की ती वाजवावीच लागते. ट्रम्पेट बी फ्लॅटमधले आणि ऑल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटमधले वाद्य असल्याने जॅझमधली पुष्कळ गाणी काळी पाच, काळी दोन अशा पट्ट्यांत वाजवली जातात. पाश्चात्त्य पद्धतीने शिकून आलेले माझे सहविद्यार्थी या पट्ट्यांना बिचकतात. मी तेथे प्रथमच वर्गाच्या पुढे होतो.

दुसऱ्या महिन्यात सरांनी ‘ऑटम लीव्ह्ज’ हे गाणे घेतले. मूळ हंगेरीच्या जोझेफ कॉस्मा या संगीतकाराने फ्रान्समध्ये १९४५ च्या सुमारास बांधलेली ही चाल जॅझ शिकणाऱ्यांच्या हाती लवकर दिली जाते, आणि त्याचे कारण तिच्या पहिल्या आठ बारांत आहे. जी मायनरमध्ये वाजवले तर पहिले चार बार सी मायनर सेव्हन आणि एफ सेव्हनवरून काळी पाचच्या घरी (जेथे चाल विसावते ती जागा), बी फ्लॅट मेजरला येतात आणि ई फ्लॅटवर जरा रेंगाळतात. पुढचे चार बार डी सेव्हनवरून पांढरी पाचच्या घरी, जी मायनरला येतात. दोन्ही घरांचे सूर जवळजवळ तेच आहेत. वेगळा आहे तो एकच, डी सेव्हनमधला एफ शार्प, म्हणजे पेटीवरची काळी तीन. पहिल्या चार बारांत त्याच्या जागी पांढरी चार असते. मी दोन आठवडे डी सेव्हनवरही पांढरी चारच वाजवत होतो. सर म्हणाले, “वाईट नाही वाजत. पण तुम्ही घर बदललेत हे कोणाला कळलेही नाही.” हे वाक्य मला या सहा महिन्यांतले सर्वांत उपयुक्त वाक्य वाटते, कारण तो सूर खरोखरच चुकीचा नाही, अनेक वादक तो तेथे मुद्दाम वाजवतात. त्यानंतर गृहपाठ असा मिळाला की पाचव्या आणि सहाव्या बारांत काहीही वाजवा, पण काळी तीन सहाव्या बाराच्या पहिल्या मात्रेवर आली पाहिजे. रागातल्या एखाद्या सुराची जागा राखून तिच्याभोवती आलाप बांधावा, तसेच हे काम आहे.

याच गाण्याच्या निमित्ताने सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचे १९५८ चे ध्वनिमुद्रण ऐकायला सांगितले होते, आणि ऐकण्याबाबत हा वर्ग कडक आहे. दर पंधरवड्याला कोणाचा तरी आठ बारांचा तुकडा कानाने उतरवायचा, आधी गळ्यातून म्हणून दाखवायचा आणि मग वाजवायचा. कागदावर लिहून आणलेले चालत नाही. ट्रम्पेटवादक चेट बेकरचा एक तुकडा मी नाशिकरोडहून परतताना बसमध्ये म्हणत होतो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी ‘कोणता राग?’ असे विचारले. कोलमन हॉकिन्सचे १९३९ मधले ‘बॉडी अँड सोल’ आणि लेस्टर यंगचे वादन (दोघेही सॅक्सोफोनवादक) शेजारी शेजारी ऐकवून सरांनी जो फरक दाखवला तो मोलाचा होता: हॉकिन्स प्रत्येक कॉर्डच्या आत शिरून तिचे सूर उलगडतो, तर लेस्टर यंग चार-चार कॉर्डांवरून एकच वाक्य अलगद ओढत नेतो. मला दुसरा अधिक जवळचा वाटतो. त्यात आश्चर्य नाही.

माइल्स डेव्हिसचे १९५९ मधले ‘सो व्हॉट’ मात्र सरांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत दिले नाही, आणि त्यामागचा विचार मला तेव्हा पटला नव्हता, आता पटतो. त्या गाण्यात सोळा बार डी डोरियन, आठ बार अर्धा सूर वर ई फ्लॅट डोरियन, आणि पुन्हा आठ बार डी डोरियन एवढेच आहे. रागवाल्याला हे घरचे अंगण वाटते. मी पहिले सोळा बार इतक्या आनंदाने वाजवले की अर्धा सूर वर सरकायचे विसरलो आणि पुढचे तीन बार सर्व वादकांच्या विरुद्ध दिशेने चालत राहिलो. हे आधी दिले असते तर मी तेथेच रमलो असतो आणि सरकणाऱ्या कॉर्डांकडे पुन्हा वळलो नसतो.

येथे सरांविषयी एक तक्रार नोंदवतो. रागवाल्या विद्यार्थ्यांना समजावे म्हणून ते ‘डोरियन म्हणजे काफी, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, लिडियन म्हणजे कल्याण’ असे सांगतात. थाटांपुरते हे अगदी बरोबर आहे. परंतु ते थाट न म्हणता राग म्हणतात, आणि राग काफी म्हणजे केवळ कोमल ग आणि कोमल नि नव्हे. त्याचे चलन, त्याच्या थांबण्याच्या जागा, त्यात येणारा शुद्ध ग हे सारे बाजूला ठेवले तर उरतो तो सुरांचा संच. वर्गात दोन शाळकरी मुले आहेत, जी संध्याकाळी दुसरीकडे गाणेही शिकतात. त्यांच्या डोक्यात या घाईच्या समीकरणाने गोंधळ झालेला मी पाहिला आहे. सरांना मी हे सांगितले. त्यांनी हसून ‘तुम्हीच एक दिवस समजावा’ असे म्हटले, तो दिवस अद्याप आलेला नाही.

लयीची बाजू हा या वर्गातला खरा उणा भाग आहे. जॅझमधली डौलदार चाल, ज्याला स्विंग म्हणतात, ती मात्रेचे दोन समान तुकडे न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवल्याने येते. मध्यम लयीत हे प्रमाण साधारण तिस्र जातीजवळ (मात्रेच्या तीन समान भागांपैकी पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक) जाते आणि लय वाढली की दोन्ही तुकडे समान होत जातात. शिवाय वजन पहिल्या मात्रेऐवजी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. समेवर जीव टाकायची सवय असलेल्या माणसाला हे सर्वांत जड जाते, सुरांपेक्षाही. सरांनी पहिल्या महिन्यात एक उत्तम रियाज दिला: मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० वर ठेवायचा, पण त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजायचा, म्हणजे प्रत्यक्ष लय १२० ची होते. दिला, आणि नंतर तो कधी तपासला नाही. पाचव्या महिन्यात मी स्वतःचे वादन मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकले, तेव्हा सूर बऱ्यापैकी जागेवर होते आणि चाल मात्र केरव्याची होती. एखादा तबलजी वर्गात बसवला असता तर त्याने हे पहिल्या दिवशी पकडले असते. सरांचा जीव स्वरसंगतीत आहे आणि शिकवण्यातही तो कल दिसतो.

यालाच जोडून साथीचा प्रश्न येतो. जॅझ एकट्याने वाजवण्याचे संगीत नाही. बास आणि ड्रम्स वाजवणारी माणसे समोर नसतील तर शिकलेले सारे कागदी राहते. वर्गात अशी माणसे नाहीत. सरांचा पियानो आहे तोवर ठीक, पण सराव मोबाइलवरच्या साथीच्या ॲपवरच करावा लागतो. ॲप लय सोडत नाही आणि कॉर्ड चुकवत नाही, पण ते ऐकतही नाही. मी थांबलो तर जागा भरत नाही, मी जोर केला तर वाढत नाही. सरांकडे जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून काढलेल्या सरावाच्या मालिकेतल्या काही जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत, ज्यांत खरे वादक साथ करतात आणि बास एका बाजूच्या स्पीकरमधून, पियानो दुसऱ्या बाजूच्या स्पीकरमधून येतो. सर पियानोची बाजू बंद करून केवळ बासवर वाजवायला लावतात. कॉर्ड कोणी ऐकवत नसताना ती आपल्या वाक्यातून ऐकू आली पाहिजे, ही कसोटी अवघड आणि अप्रतिम आहे; सहा महिन्यांत ती मला चार वेळाच मिळाली, कारण ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे यंत्र अधूनमधून रुसते.

पाचव्या महिन्यात वर्गाची गती एकदम बिघडली. तोवर संथपणे चाललेले सर अचानक जी सेव्हनऐवजी डी फ्लॅट सेव्हन घेण्याच्या युक्तीवर आले. ती समजली, कारण दोन्ही कॉर्डांतले तिसरा आणि सातवा हे सूर अदलाबदल होऊन तेच राहतात आणि आमचा तीन आठवड्यांचा उपवास येथे कामी आला. पण पुढच्याच तासिकेला त्यांनी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’ या रचनेच्या कॉर्ड समोर ठेवल्या. बी, जी आणि ई फ्लॅट अशी तीन घरे, प्रत्येकी चार-चार अर्ध्या सुरांच्या अंतरावर, आणि जवळजवळ दर दोन मात्रांना कॉर्ड बदलते. १९५९ च्या त्या ध्वनिमुद्रणात टॉमी फ्लॅनागनसारखा मुरलेला पियानोवादकही आपल्या सोलोत अडखळताना ऐकू येतो. आम्ही तर ‘ऑटम लीव्ह्ज’ धड वाजवत नव्हतो. दोन तासिका सर्वांनी आकडे मोजण्यात घालवल्या, एकाने वर्ग सोडला, आणि सहाव्या महिन्यात सर मुकाट्याने ब्लूजवर परत आले. ते ब्लूज, एफमधले बारा बारांचे, आधी यायला हवे होते. आमच्यापैकी सर्वांत नवखी असलेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी तेथे पहिल्यांदा मोकळी झाली.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. फी महिन्याला ३,६०० रुपये आहे आणि त्यात सव्वा तासाच्या चार तासिका मिळतात. चुकलेली तासिका भरून मिळत नाही. माझ्या दोन तासिका कंपनीतल्या पाळीमुळे बुडाल्या, त्या बुडाल्याच. ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो चांगला आहे, मात्र मंद्रातली एक पट्टी दाबली की खट्ट असा आवाज येतो आणि ती नेमकी एफ ब्लूजच्या घराची आहे. कागद झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून काढलेले असल्याने फ्लॅटची चिन्हे कोठे कोठे पुसली गेली आहेत. नव्या विद्यार्थ्याने ती आधी पेन्सिलने ठळक करून घ्यावीत, नाहीतर दोष कानावर जातो. पाश्चात्त्य नोटेशन थोडेफार वाचता यायला हवे, ते येथे शिकवत नाहीत. गाडी गल्लीत लावता येत नाही. चहा मिळतो, आणि त्यात आले भरपूर असते.

कोणी जावे, असे विचारले तर माझे उत्तर असे: ज्याचा हात वाद्यावर बसलेला आहे आणि ज्याला सूर ओळखता येतात, पण बदलत्या कॉर्डांवर आपण नुसते फिरतो आहोत अशी बोच आहे, त्याने नक्की जावे. पेटी, सतार, बासरी, गळा, काहीही चालेल. बासरीवाला एक विद्यार्थी आमच्यात आहे आणि दोन सुरांचा रियाज त्याच्या फुंकीला माझ्यापेक्षा अधिक शोभतो. ज्याला अजून वाद्य हाताळायचेच शिकायचे आहे त्याने वर्षभर थांबावे. ज्याला केवळ परीक्षा द्यायची आहे, त्याने येथे येऊ नये, कारण सर अभ्यासक्रम पाळत नाहीत आणि प्रमाणपत्र देत नाहीत. गिटार वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना: कॉर्डांचे आकार पाठ असणे आणि कॉर्डमधला तिसरा सूर कोणत्या तारेवर आहे हे ठाऊक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी येत नसेल तर पहिल्या तासिकेला खजील व्हावे लागते.

पुढच्या तीन महिन्यांची फी मी भरली आहे. शनिवारऐवजी बुधवारची वेळ मागून घेतली, कारण बुधवारच्या गटात आता एक ड्रम्स वाजवणारा मुलगा येऊ लागला आहे. सर म्हणाले की तो फार जोरात वाजवतो. मी म्हटले, चालेल.